कांदिवली ते मनोरी ५ किमी वायरलेस लिंक: एका टोकाला युबिक्विटी, दुसऱ्या टोकाला मायक्रोटिक. चालेल की डोकं फुटेल?

मनोरीचा_जावई

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

सासुरवाडी मनोरीची. घर अगदी खाडीच्या अंगाला, मागे वाडी आणि पुढे बोंबील सुकवायच्या वलांड्या. गेल्या मोसमात सुकलेला माल दोनदा गायब झाला म्हणून सासऱ्यांना चार कॅमेरे हवेत आणि कॅमेरे आले की नेट आलंच. तिथला केबलवाला आहे, पण पहिला पाऊस पडला की त्याची वायर कुठेतरी तुटते आणि मग "उद्या माणूस पाठवतो" हे गणपतीपर्यंत चालतं. मोबाईलला खिडकीत दोन काड्या, आतल्या खोलीत शून्य.

मी राहतो महावीर नगरला, कांदिवली वेस्ट, १९ मजली बिल्डिंग. गच्चीवरून चारकोपच्या पलीकडची तिवरं, खाडी आणि मनोरीचे माड सगळं सरळ दिसतं, एक टॉवर डावीकडून डोकं काढतो पण लाइन त्याच्या बाजूने जाते. मॅपवर मोजलं तर ५.१ किमी. म्हटलं घरी फायबर आहेच, डिश लावून तिकडे नेऊ.

सामान असं जमलं: आमचं ऑफिस शिफ्ट झालं तेव्हा भंगारात निघालेला युबिक्विटीचा एक पॉवरबीम एम५-४०० (डिशवाला रेडिओ) मला फुकट मिळाला, त्याची जोडी काही सापडली नाही. मग लॅमिंग्टन रोडला जाऊन बजेटमध्ये बसली म्हणून मायक्रोटिकची एलएचजी-५ घेतली. दुकानदार म्हणाला दोन्ही ५ गिगाहर्ट्झ, दोन्ही वायफाय, जुळणारच. गच्चीवर पॉवरबीम एपी (नेट देणारा) म्हणून, मनोरीला कौलाच्या वर पाइप उभा करून एलएचजी स्टेशन (त्याला जोडली जाणारी) म्हणून. साधारण ८ मीटर उंची.

आता लिंक लागते पण नुसती नावाला. सिग्नल गच्चीवर उणे ७३ डीबीएम, मनोरीला उणे ७४ (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). पिंग कधी ५ मिलीसेकंद कधी ४००. स्पीड ३-४ एमबीपीएस, तो पण मूड असेल तर. तिकडे एक लॅपटॉप लावला की चालतो, दुसरं काही लावलं की त्याला आयपीच मिळत नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे सासरे म्हणतात खाडी भरायला लागली की कॅमेरा गोठतो. मी म्हटलं बाबा, नेटचा आणि भरतीचा काय संबंध. तर म्हणाले संबंध तू शोध, इंजिनिअर तू आहेस.

तर हे मिक्स करणं मुळातच चूक आहे का? एक विकून दुसऱ्याची जोडी घेऊ का?

लॅमिंग्टनकर

सरळ जोडी घ्या. दोन्हीकडे एकच कंपनी, एकच मॉडेल, एकच फर्मवेअर. पॉवरबीम ओएलएक्सवर टाका, दुसरी एलएचजी आणा, अर्ध्या तासाचं काम. मिक्स करून वाचवलेले पैसे मार्वे-मनोरी फेरीबोटीच्या तिकिटात जातात, अनुभव आहे.

टॉवरवाला_अण्णा

जोडी घेतली तर सोपं जाईल हे लॅमिंग्टनकरांचं खरंय, पण ज्या तीन तक्रारी तुम्ही लिहिल्यात त्यातली एकही निव्वळ मिक्स केल्यामुळे आलेली दिसत नाही. वसई-पालघर पट्ट्यात दहा वर्षं खांबावर चढलोय, अशा खिचडी लिंक बऱ्याच उभ्या केल्यात, चालतात. फक्त अपेक्षा खाली आणायची.

आधी हे समजून घ्या की लांबच्या लिंकसाठी या कंपन्या साधं वायफाय वापरतच नाहीत. वायफायची पद्धत म्हणजे आधी कान दे, कोणी बोलत नसेल तर बोल. खोलीत ठीक, ५ किमीवर समोरचा बोलायला लागला हे तुमच्यापर्यंत पोचायलाच वेळ लागतो, तोवर तुम्ही पण तोंड उघडलेलं असतं. आयआयटी कानपूरच्या लोकांनी डिजिटल गंगेटिक प्लेन्समध्ये साध्या वायफाय कार्डांवर गावोगावी लांबलचक लिंक उभ्या केल्या तेव्हा त्यांना पण शेवटी वेळ वाटून द्यायच्या पद्धतीवर यावं लागलं, आता तू बोल मग मी. युबिक्विटीची तशी पद्धत म्हणजे एअरमॅक्स, मायक्रोटिकची एनव्ही-टू. दोघांची आपापली घरची भाषा, एकाची दुसऱ्याला कळत नाही आणि कळणार पण नाही. त्यामुळे मिक्स केलं की दोन्ही बंद, आणि साध्या वायफायवर, म्हणजे ८०२.११एन वर यायचं. पॉवरबीमवर एअरमॅक्सची टिक काढली असणारच तुम्ही, नाहीतर एलएचजी जोडलीच गेली नसती. एम सिरीज आहे हे नशीब. नवीन एसी सिरीजवर एअरमॅक्स बंद करायची सोयच नाही.

याची किंमत काय, तर स्पीड थोडा कमी, आणि गर्दीत लिंक जरा लवकर बावचळते. दोनच टोकं असतील तर ते चालून जातं. तुमची दोनच आहेत.

आता एक विचारतो. मनोरीकडून कांदिवलीला येणारा स्पीड, म्हणजे कॅमेऱ्याचा अपलोड, हा डाउनलोडपेक्षा खूपच वाईट आहे ना? आणि एलएचजीची कॉन्फिग जरा इथे टाका. वायरलेसमध्ये डिस्टन्स काय आहे आणि मोड काय आहे तेवढं बघितलं तरी पुरे.

मनोरीचा_जावई

अण्णा तुम्ही गच्चीवर येऊन बघून गेलात काय? डाउनलोड ४, अपलोड कधी १ कधी तेवढा पण नाही.

कॉन्फिगमध्ये डिस्टन्स = इनडोअर्स. मोड = स्टेशन-स्युडोब्रिज. घरी मायक्रोटिकचा छोटा राउटर आहे, त्याचं एक्स्पोर्ट घेतलं आणि वायरलेसचा भाग एलएचजीमध्ये चिकटवला, नंतर मोड बदलला. डिस्टन्सकडे लक्षच नाही गेलं. आत्ता वाचून स्वतःलाच लाज वाटली.

टॉवरवाला_अण्णा

लाज कसली, मी एकदा दोन डोंगरांच्या मध्ये इनडोअर्स ठेवून अर्धा दिवस डिश हलवत बसलो होतो.

काय होतंय सांगतो. वायफायमध्ये प्रत्येक पाकिटाला समोरून पोच यावी लागते. रेडिओ लहरीला एक किलोमीटरला साधारण ३.३ मायक्रोसेकंद लागतात, तुमच्या ५.१ किमीला जायला १७ आणि यायला १७, झाले ३४. इनडोअर्स म्हणजे एलएचजी समजते समोरचा बाजूच्या खोलीत आहे, त्यामुळे ती तेवढं थांबतच नाही. पोच वाटेत असते, येत असते, पण ती यायच्या आत ही बाई "हरवलं वाटतं" म्हणून तेच पाकीट परत पाठवून मोकळी. आणि परत. आणि परत. पाठवणाऱ्याचं घड्याळ चुकलंय म्हणून पाठवणाऱ्याचंच वाईट होतं, म्हणून अपलोड विचारला. डाउनलोडमध्ये पाठवणारा पॉवरबीम, तो बहुतेक ऑटोवर आहे आणि त्याने अंतर बरोबर धरलंय. तरी डाउनलोड पण मार खातो, कारण टीसीपीच्या पोचपावत्या शेवटी त्याच रस्त्याने परत यायच्या.

एलएचजीला डिस्टन्स ६ टाका. पॉवरबीमला अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ऑटो काढून तिथे पण ६ च्या आसपास. जास्त टाकलं तर थोडा वेळ फुकट जातो, कमी टाकलं तर लिंक जाते, म्हणून जरा जास्तच बरं. ऑटो सहसा चालतो, पण दोन वेगळ्या कंपन्यांचे ऑटो समोरासमोर बसवायचे आणि रात्री शांत झोपायचं, मला तरी जमत नाही.

दुसरं, स्युडोब्रिज काढा. साध्या वायफायच्या पाकिटात पत्ते तीनच मावतात, पलीकडच्या चार डब्यांचे खरे पत्ते त्यात बसत नाहीत. चौथा पत्ता घालायची पद्धत प्रत्येक कंपनीने आपली आपली केलीय, म्हणून मायक्रोटिकचा स्टेशन-ब्रिज मोड फक्त मायक्रोटिकशी चालतो, युबिक्विटीच्या डब्ल्यूडीएसचं पण तसंच. स्युडोब्रिज मग काय करतो, मागच्या सगळ्यांना स्वतःचा (प्रत्येक डब्याचा कारखान्यातला पत्ता असतो तो) मॅक अ‍ॅड्रेस लावून पाठवतो. घरच्या राउटरची एआरपी यादी (कुठल्या आयपीला कुठला मॅक) काढून बघा, लॅपटॉप, कॅमेरा, टीव्ही सगळ्यांसमोर एकच मॅक दिसेल. डीएचसीपीचा, म्हणजे आयपी वाटण्याचा, गोंधळ तिथूनच.

माझा कायमचा सल्ला, दोन कंपन्या असतील तर ब्रिज करायच्या (दोन्ही टोकांचं एकच नेटवर्क करायच्या) भानगडीत पडूच नका, राउट करा, म्हणजे दोन नेटवर्क वेगळी ठेवा. एलएचजीचा मोड नुसता "स्टेशन". वायरलेसला घरच्या नेटवर्कमधला एक आयपी फिक्स द्या. इथरनेटच्या बाजूला वेगळं नेटवर्क, समजा १९२.१६८.२०, त्याचा डीएचसीपी एलएचजीच देईल. घरच्या राउटरमध्ये एक स्टॅटिक रूट, की २० वाल्यांकडे जायचं तर एलएचजीच्या आयपीवरून जा. घरी मायक्रोटिक आहे म्हणजे रूट टाकता येईल, ज्यांच्याकडे फायबरवाल्याचा कुलूपबंद डबा असतो त्यांना एलएचजीवर मास्करेड (मागच्या सगळ्यांना एलएचजीच्याच आयपीमागे लपवणं) लावावं लागतं. मग हवेतून एकच मॅक जातो, तो एलएचजीचा, आणि पॉवरबीमला मागे कोण आहे याच्याशी देणंघेणं उरत नाही.

सिग्नलचं नंतर बोलू, तो पण कमी आहे. आणि सासऱ्यांना भरतीचं कोणीतरी समजावून सांगा 😀

विरार_फास्ट

मला वाटतं दोन्हीवर ओपन-डब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारं खुलं सॉफ्टवेअर) टाका ना. दोन्ही अ‍ॅथेरॉसच्या चिपवाले डबे आहेत, मग आत सॉफ्टवेअर एकच झालं की चार पत्त्यांचा ब्रिज पण चालेल आणि अंतर पण एकाच पद्धतीने सेट होईल. मिक्स हार्डवेअर राहतं, मिक्स भाषा राहत नाही.

दुसरं, चॅनेल कुठला आहे? १२० ते १२८ वर असाल तर काढा. अंधेरीला वेरावलीवर हवामान खात्याचं सी-बँड डॉप्लर रडार आहे, २०२२ पासून. सी-बँडची हवामान रडारं साधारण ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या मध्ये असतात, आणि रडार दिसलं की असे डबे चॅनेल सोडून पळतात. कांदिवलीच्या १९व्या मजल्यावरून वेरावली म्हणजे तोंडासमोर.

टॉवरवाला_अण्णा

ओपन-डब्ल्यूआरटीचं बरोबर आहे, टेबलावर असते तर मी पण तेच केलं असतं. पण एक डबा खाडीपलीकडे कौलावर आहे, फ्लॅश करताना लाइट गेली तर जावयाला सासऱ्यांसमोर उभं राहायचंय. आधी आहे ते नीट करू.

रडारचा मुद्दा एकदम करेक्ट. १४९ ते १६५ मध्ये राहा, आणि त्यातला १६५ बघा. घराघरातले राउटर ८० मेगाहर्ट्झ रुंद पट्टा घेतात, त्या पट्ट्यात १६५ बसत नाही, म्हणून १४९-१६१ वर जत्रा आणि १६५ बऱ्याचदा मोकळा. पट्टा २० मेगाहर्ट्झचाच ठेवा, ४० चा मोह नको. एलएचजीचं इथरनेट पोर्ट तसंही १०० एमबीपीएसचं आहे.

मनोरीचा_जावई

अपडेट. डिस्टन्स दोन्हीकडे ६ केलं, अजून काही नाही, फक्त तेवढं. अपलोड १ वरून १४. डाउनलोड १९. मी खुर्चीतून उठून बायकोला दाखवायला गेलो, ती म्हणाली बरं.

राउटिंग पण केलं, लिंकवरूनच, घाबरत घाबरत, सेफ मोड लावून (लिंक तुटली तर बदल आपोआप मागे जातात). चारही कॅमेऱ्यांना आयपी मिळाले. त्याआधी एआरपी बघितली होती, खरंच चौघांसमोर एकच मॅक. चॅनेल १५३ होता, १६५ केला, गच्चीवर स्कॅन मारला तर १४९ ते १६१ मध्ये साठेक नेटवर्क, १६५ वर दोन.

पण सिग्नल तसाच. आणि अण्णा, सासऱ्यांवर हसू नका. त्यांनी आठवडाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर कॅमेरा गोठल्याच्या वेळा लिहून ठेवल्यात. मी त्या वेळा आणि एलएचजीचा ग्राफ एकाखाली एक लावले. पाणी चढताना दोन वेळा खड्डा, उतरताना दोन वेळा खड्डा. उणे ७४ वरून थेट उणे ८५ आणि मग लिंक तुटते. रोज तीच गोष्ट, फक्त रोज पाऊण तास उशिरा. आणि म्हणाले अष्टमीच्या सुमारास कॅमेरा बरा चालतो.

खाडीकाठ

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे कॅलेंडरवर लिहिलंय ते फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला लिहिलं असतं तर पैकीच्या पैकी दिले असते. (मी शिकवते, म्हणून हक्काने बोलतेय.)

पाण्याचा पृष्ठभाग रेडिओ लहरींना आरशासारखा असतो, विशेषतः इतक्या तिरक्या कोनात. तुमच्या डिशमध्ये दोन लहरी येतात, एक सरळ आणि एक पाण्यावरून उसळून. दोघी एका तालात आल्या तर सिग्नल वाढतो, उलट्या तालात आल्या तर एकमेकींना खातात. उसळून येणारीचा रस्ता किती लांब, हे पाणी किती वर आहे त्यावर.

हिशेब करू. गच्ची पाण्यापासून ६० मीटर धरू, मनोरीची डिश ८ मीटर. दोन रस्त्यांतला फरक म्हणजे २ गुणिले ६० गुणिले ८ भागिले ५१००, साधारण १९ सेंटीमीटर. भरतीला पाणी ४ मीटर चढलं की दोन्ही उंच्या तेवढ्याने कमी होतात, ५६ आणि ४, फरक उरला ९ सेंटीमीटर. म्हणजे एका भरतीत १० सेंटीमीटर बदलला. ५.८ गिगाहर्ट्झची तरंगलांबी ५.२ सेंटीमीटर. दोन तरंगलांब्या बदलल्या म्हणजे दोन वेळा खड्डा. चढताना दोन, उतरताना दोन. तुमच्या ग्राफवर आहेत तितकेच.

अष्टमीला भांग असतो, पाणी फार चढत-उतरत नाही, आकडा खड्ड्यापर्यंत जातोच असं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला सगळ्यात वाईट. रोज पाऊण तास उशीर तर भरतीचाच.

आणि उसळी कुठे घेते तर दोन उंच्यांच्या प्रमाणात, मनोरीच्या घरापासून साधारण ६०० मीटरवर. तिथे काय आहे? उघडं पाणी असणार.

मनोरीचा_जावई

उघडं पाणीच. ओहोटीला चिखल. त्याच्या अलीकडे घराच्या उजव्या हाताला तिवरांचा पट्टा आहे.

मग डिश जरा वर तोंड करून ठेवली तर पाण्यावरची लहर टळेल का? मी तसं कुठेतरी वाचलं होतं.

खाडीकाठ

नाही. उसळलेली लहर सरळ लहरीच्या जेमतेम सव्वा अंश खालून येते आणि तुमच्या डिशचा बीम सात-आठ अंशांचा. सव्वा अंशाच्या फरकासाठी डिश तिरकी केली तर दोन्ही सारख्याच कमी होतील.

दोन गोष्टी करता येतात. एक, मनोरीची डिश उजवीकडे सरकवून उसळीचा बिंदू तिवरांवर आणणे. पानं-फांद्या आरसा नसतात, लहर विखुरते. दुसरं म्हणजे मुळात सिग्नल इतका ठेवायचा की खड्डा पडला तरी लिंक तुटायच्या वरच राहील. नुसती अर्धा-एक मीटर उंची बदलून खड्डा जाणार नाही, फक्त त्याची वेळ बदलेल, मग सासऱ्यांना नवीन कॅलेंडर लिहावं लागेल.

टॉवरवाला_अण्णा

मॅडम, शब्द मागे घेतो. डहाणूच्या बाजूला एक लिंक होती, अधूनमधून मरायची, आम्ही तीन अडॅप्टर बदलले आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर खापर फोडलं. खाडीवरूनच जात होती. आज कळलं.

आता सिग्नल. ५.१ किमीला ५.८ गिगाहर्ट्झवर हवेतली तूट साधारण १२२ डीबी. आपल्याकडे ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झमध्ये ईआयआरपी (रेडिओ आणि डिश मिळून बाहेर पडणारी ताकद) ३६ डीबीएमपर्यंत, म्हणजे २५ डीबीआयच्या (डीबीआय म्हणजे डिशचा जोर) डिशला रेडिओची पॉवर ११. तिकडे एलएचजीची डिश २४.५. ३६ अधिक २४.५ वजा १२२, उणे ६१-६२ यायला हवं. तुमचं उणे ७४. बारा डीबी कुठे गेले? दोन्हीकडे सारखेच गेलेत म्हणजे एखादा रेडिओ खराब नाही, निशाणा चुकलाय. डिशच्या मुख्य बीमच्या दोन्ही बाजूंना छोटे कान असतात, तुमची एक डिश कानाने ऐकतेय. माडांची झावळी मध्ये येत नाही ना ते पण बघा, लाइनच्या मध्यावर आजूबाजूला पाचेक मीटर मोकळं लागतं, नुसतं दिसतं म्हणून भागत नाही.

मनोरीची डिश कोणी लावली?

मनोरीचा_जावई

साडूंनी. मी फोनवर सांगत होतो, ती उंच बिल्डिंग दिसतेय ना, तिच्याकडे कर. ते म्हणाले दिसतेय.

टॉवरवाला_अण्णा

मनोरीहून कांदिवलीकडे बघितलं तर पन्नास उंच बिल्डिंगा दिसतात. साडूंनी कुठली पकडली देव जाणे.

संध्याकाळी चार-पाचला, ऊन पश्चिमेला असताना, गच्चीवर एक आरसा घेऊन उभे राहा आणि मनोरीकडे कवडसा मारा. पाच किमीवरून लख्ख चमकतो, चुकायचा प्रश्नच नाही. साडूंनी त्या चमकेवर डिश धरायची. मग बोल्ट अर्धे सैल ठेवून डिश हळूहळू डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवायची, तीन जागी सिग्नल वाढेल, कमी-जास्त-कमी, मधला खरा. मग वर-खाली तसंच. घाईघाईत पहिल्या वाढीवर बोल्ट आवळला की कान पकडला. मग गच्चीवरची पण तशीच. आणि हे ओहोटी पूर्ण झाल्यावर करा, चढत्या पाण्यात केलंत तर आकडा कशाने हलतोय कळायचं नाही.

मनोरीचा_जावई

झालं एकदाचं, रविवारी.

गच्चीची चावी सेक्रेटरींकडे. ते स्वतः वर आले, हात मागे बांधून उभे, यातून रेडिएशन किती येतं विचारलं. म्हटलं रेडिओची पॉवर ११ डीबीएम, म्हणजे १३ मिलीवॅट पण नाही, तुमच्या हातातला फोर-जी फोन २०० पर्यंत जातो. डिशच्या समोर कोणी उभं राहायचं नाही हे मात्र सांगितलं, समोर तशी हवाच आहे. मग मी पिशवीतून बाथरूमचा आरसा काढला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

साडूंना कवडसा पहिल्या मिनिटात दिसला. फोनवर ओरडले, अरे ही बिल्डिंग?! ते आधी आमच्यापासून बरंच डावीकडे, एका निळ्या काचेच्या टॉवरकडे धरून बसले होते. फिरवली तर अण्णा म्हणाले तसे तीन टप्पे, ७५, मग ६४, मग ७६. गच्चीवरची पण थोडी हलली. आता दोन्हीकडे उणे ६३. तिवरांकडे पाइप सरकवायला जागा होती पण मध्ये सासूबाईंचा अळूचा वाफा आहे, तो विषय मी काढलाच नाही.

स्पीड ४५-५० दोन्ही बाजूंनी. खड्डे अजून पडतात, कालच्या भरतीला दोनदा उणे ७४ पर्यंत गेला, पिंग जरा वाढतो पण कॅमेरा गोठला नाही. सासऱ्यांनी कॅलेंडरवर वेळ लिहिली आणि पुढे "चालू" असं लिहिलं.

पॉवरबीम विकत नाही, लॅमिंग्टनकर.

टॉवरवाला_अण्णा

झकास. दोन कामं राहिली, पावसाच्या आत करा. एलएचजीच्या खाली केबल आत जायच्या आधी तिला लोंबता वळसा द्या, पाणी वळशावरून ठिबकलं पाहिजे, पोर्टात नाही. ५ गिगाहर्ट्झला अगदी मुसळधार पाऊस फार तर चार-पाच डीबी खाईल, तेवढं आहे तुमच्याकडे, पण खारी हवा पोर्टातल्या पट्ट्या हिरव्या करते आणि मग कितीही सिग्नल असो. पाइपला अर्थिंग पण द्या. आणि दोन्ही अडॅप्टरवर मार्करने नाव घाला, कुठला कोणाचा. ही जुनी डबडी २४ व्होल्टवाली, एखाद्या दिवशी कोणीतरी कॅमेऱ्याच्या ४८ व्होल्टच्या स्विचात खुपसेल. मिक्स सामानात रेडिओपेक्षा अडॅप्टरच जास्त मारतात.

मनोरीचा_जावई

मार्करने लिहिलं. वळसा साडू देतायत, फोटो मागवलाय.

सेक्रेटरींचा आज मेसेज आला. मला वाटलं रेडिएशन. तर विचारतायत मनोरीहून सुके बोंबील किलोभर येतील का.